अंदाजपंचे औषध

कंबरदुखी महिना-दीड महिना हटत नाही, संध्याकाळी बारीक ताप येतो आणि एमआरआयमध्ये दोन मणके व त्यांच्यामधली चकती खराब झालेली दिसते. पुढचे वाक्य आपल्याकडे ठरलेले आहे : ‘मणक्याचा टीबी दिसतोय, एकेटी (टीबीची औषधे) सुरू करा.’ आपल्याकडे टीबीच इतका, की हा अंदाज बहुतेकदा खरा ठरतो. खरा ठरतो म्हणूनच त्याची सवय जडली आहे. त्या सवयीची किंमत मोजतात ते, ज्यांच्या मणक्यात टीबी नसून बुरशी शिरलेली असते.

ॲस्परजिलस, कँडिडा या बुरश्या मणक्यापर्यंत क्वचितच पोचतात. पण पोचल्या की एमआरआयवर त्या टीबीसारख्याच दिसू शकतात. एकेटीचा त्यांच्यावर काडीचाही परिणाम होत नाही. ‘गुण यायला वेळ लागतो’ म्हणत रुग्ण महिनोन् महिने गोळ्या गिळतो. तोवर मणका खचतो, मज्जारज्जूवर दाब येतो, पायांतली ताकद जाते. ‘मग दोन्ही औषधे एकदम देऊ’ ही पळवाटही चालत नाही. ॲस्परजिलसवरचे मुख्य औषध व्होरिकोनॅझोल. एकेटीतले रिफॅम्पिसिन ते रक्तात टिकूच देत नाही.

या बुरशीला वाट करून देण्यात आपलाही हात असतो. 2021 साली कोविडनंतर काळ्या बुरशीने महाराष्ट्रात कहर केला, तेव्हा अनियंत्रित मधुमेह आणि बेसुमार स्टेरॉइड ही जोडगोळी सगळ्यांनी पाहिली. त्याच वर्षी पुण्यात कोविडमधून उठलेल्या काही जणांच्या मणक्यात ॲस्परजिलस सापडला. धडा मात्र विसरला गेला. चिठ्ठीशिवाय विकायला बंदी असलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या आजही मागितल्या की मिळतात. गुडघेदुखीवरच्या ‘जादूच्या’ पुड्यांतही तेच भरलेले निघते. स्टेरॉइडला हात सढळ आणि तपासणीला आखडता, हे आपले खरे दुखणे आहे.

तपासणीने काय साधते, हे अमेरिकेत 2012 साली दिसले. मॅसॅच्युसेट्समधल्या एका फार्मसीने बनवलेली, पाठदुखीसाठी मणक्याजवळ टोचायची स्टेरॉइडची इंजेक्शने बुरशीने दूषित निघाली. 20 राज्यांत 750 हून अधिक लोक आजारी पडले, 60 हून अधिक दगावले. टेनेसीतल्या एका रुग्णाच्या पाठीतल्या पाण्याच्या कल्चरमध्ये बुरशी सापडली, डॉक्टरांनी ती आरोग्य खात्याला कळवली, आणि तिथून धागा लागला.

आपल्याकडे घोडे पेंड खाते ते अगदी साध्या ठिकाणी. सीटी स्कॅनवर बघत सुईने मणक्याचा तुकडा काढला जातो आणि सगळाच्या सगळा फॉर्मेलिनच्या बाटलीत पडतो. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात; मग कल्चर कसले होणार? थोडा तुकडा निर्जंतुक डबीत सलाइनमध्ये वेगळा ठेवावा आणि फॉर्मवर टीबीची सीबीनॅट चाचणी व टीबी कल्चर यांच्या जोडीला ‘फंगल कल्चर’ लिहावे, एवढेच काम आहे.

पायांतली ताकद जात असताना रिपोर्टची वाट कोण बघणार, हा आक्षेप रास्त आहे. पण वाट रिपोर्टची बघायची नाही. औषधाआधी नमुना घ्यायचा आहे. तातडीचे ऑपरेशन झाले तर तो तिथेच हाती येतो. खर्चाचे म्हणाल, तर चुकीच्या औषधांवर गेलेले महिने आणि बुडालेली मजुरी यांपुढे बायोप्सी स्वस्तच. सोय नसेल तिथून रुग्णाला वेळीच पुढे पाठवावे, आणि बुरशीची तपासणी प्रत्येक जिल्हा रुग्णालयात व्हावी म्हणून सरकारच्या मागे लागावे.

नातेवाइकांनीही विचारावे : ‘डॉक्टर, तुकडा घेतलात का? बुरशीसाठी पाठवलात का?’ डॉक्टरांनी याचा राग मानू नये. ज्याला वर्ष-दीड वर्ष गोळ्या गिळायच्या आहेत, त्याला त्या कोणत्या पुराव्यावर, हे विचारण्याचा पूर्ण हक्क आहे.