पडणाऱ्याला कोण सावरणार?

हैदराबादजवळच्या ‘इक्रिसॅट’ या कोरडवाहू शेतीवर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९७५ मध्ये काही खेड्यांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण, अकोला जिल्ह्यातली दोन आणि आजच्या तेलंगणातल्या महबूबनगर भागातली दोन, अशी सहा गावे त्यात होती. हान्स बिन्सवांगर या अर्थतज्ज्ञाने या गावांतल्या २४० कुटुंबांबरोबर एक प्रयोग केला. त्याने लोकांना नाणेफेकीचा खेळ दिला आणि त्यात खरे पैसे लावले. पहिला पर्याय बिनधोक होता: छापा पडो वा काटा, ५० रुपये नक्की. शेवटचा पर्याय सर्वांत जोखमीचा: एका बाजूला २०० रुपये, दुसऱ्या बाजूला शून्य. अधले-मधले पर्याय पायरीपायरीने जोखीम वाढवणारे. त्या काळी शेतमजुराला महिन्याभरात जेवढे मिळत नसे, तेवढी रक्कम एका नाणेफेकीत हाती येऊ शकत होती.

मोठा शेतकरी बेधडक खेळेल आणि अल्पभूधारक हात राखून, असा कोणाचाही अंदाज असता. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष वेगळा होता. रक्कम मोठी झाल्यावर श्रीमंत आणि गरीब जवळपास सारखेच, बेताने सावध वागले. पण शेतात मात्र हेच लोक सारखे वागत नव्हते. नवे बियाणे, खत, विहीर यांवर पैसा घालायला एक जण पुढे येई, दुसरा मागे राही. बिन्सवांगरने त्याचा अर्थ असा लावला की हा फरक स्वभावातून आलेला नाही, परिस्थितीतून आलेला आहे. कर्ज कोणाला मिळते, पाणी कोणाला मिळते, पीक बुडाल्यावर कोणाचे घर चालू राहते, यांतून तो येतो.

हा निष्कर्ष आपल्या एका आवडत्या समजुतीला छेद देतो. धाडस हा रक्तातला गुण आहे, काही माणसे आणि काही समाज जात्याच धाडसी आणि बाकीचे जात्याच भित्रे, असे आपण सहज बोलून जातो. ‘मराठी माणसाला धंदा जमत नाही, त्याला महिन्याच्या पगाराचीच सवय’, हे वाक्य तर आपण इतक्या पिढ्या एकमेकांना ऐकवत आलो आहोत की ते तपासण्याची गरजच कोणाला वाटत नाही. माझे म्हणणे असे आहे की भीती आणि धाडस दोन्ही माणूस आपल्या माणसांकडून शिकतो. कशाला भ्यायचे हे घर शिकवते. कोणत्या जोखमीला मान द्यायचा आणि कोणत्या जोखमीची शिक्षा करायची हे समाज ठरवतो. आणि पडल्यावर सावरणारे कोणी आहे की नाही, यावर पाऊल उचलायचे की नाही हे ठरते.

सुरुवात घरापासून करू. एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक या मानसशास्त्रज्ञांनी १९६० मध्ये काचेचे एक टेबल वापरले होते. टेबलाच्या अर्ध्या भागात काचेखाली लगेच चौकटींची फरशी दिसते आणि पुढच्या अर्ध्या भागात ती खोल गेलेली दिसते. काच सलग असल्यामुळे बाळ पडण्याचा धोका नाही, पण बाळाला समोर खड्डा दिसतो. हेच साधन वापरून १९८५ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी वर्षभराच्या मुलांवर एक प्रयोग केला. त्यांनी खोली फूटभरच ठेवली. म्हणजे घाबरावे की नाही, हे बाळाला स्वतःहून ठरवता येऊ नये. पलीकडे आई उभी. १९ मुलांच्या आया हसऱ्या चेहऱ्याने उभ्या होत्या. त्यांतली १४ मुले काच ओलांडून गेली. १७ मुलांच्या आयांनी चेहऱ्यावर भीती आणली होती. त्यांतल्या एकाही मुलाने काच ओलांडली नाही. एक शब्दही न बोलता भीती एका पिढीकडून दुसरीकडे पोचली.

आपल्या घरांत तर आपण शब्दांनीही ती पोचवतो. ‘पडशील’, ‘लागेल’, ‘हात लावू नकोस’, ‘तिकडे जाऊ नकोस, बागुलबुवा आहे’. यामागे माया असते, याविषयी शंका नाही. पण ही माया सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. न्यूयॉर्कमध्ये अकरा महिन्यांच्या रांगत्या मुलांच्या आयांना विचारले गेले की तुमचे मूल किती तीव्र उतार रांगत पार करेल? मुलग्यांच्या आयांनी अंदाज जास्त केला, मुलींच्या आयांनी कमी. प्रत्यक्ष उतारावर मुलगे आणि मुली यांच्यात काही फरक आढळला नाही. २००० साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास परदेशातला असला, तरी दिवेलागणीच्या आत घरी येण्याचा नियम बहिणीला लावणाऱ्या आणि भावाला न लावणाऱ्या कोणत्याही मराठी घराला तो अनोळखी वाटू नये. मुलगी चालू लागण्याच्या आधीच तिच्या कुवतीचा अंदाज आपण कमी धरलेला असतो. पुढे ती जपून पाऊल टाकू लागली की ‘मुलींचा स्वभावच तसा’ म्हणून मोकळे होतो.

तो स्वभाव नाही, याचा एक दाखला मेघालयात मिळतो. खासी समाज मातृवंशीय आहे. वंश आईकडून चालतो आणि घरची मालमत्ता परंपरेने धाकट्या मुलीकडे जाते. काही अर्थतज्ज्ञांनी खासी आणि आफ्रिकेतल्या पितृसत्ताक मसाई समाजातल्या स्त्री-पुरुषांना बादलीत चेंडू टाकण्याचा खेळ दिला. प्रत्येक नेमाला ठरलेले पैसे घ्यायचे, की अनोळखी प्रतिस्पर्ध्याशी स्पर्धा करून जिंकल्यास अधिक घ्यायचे आणि हरल्यास काहीच नाही, एवढाच प्रश्न होता. मसाईंमध्ये पुरुष स्पर्धेकडे अधिक वळले, खासींमध्ये स्त्रिया. स्पर्धेची हौस म्हणजे सगळे धाडस नव्हे. पण ज्या घरात मुलगी वारस असते तिथली मुलगी मागे राहत नाही, एवढे यातून निश्चित दिसते.

घराबाहेर समाज आणखी एक काम करतो. तो काही जोखमींना ‘जोखीम’ हे नावच देत नाही. दहीहंडीचे थर पाहा. एकमेकांच्या खांद्यांवर उभी राहणारी मुले हातपाय मोडून घेतात, कधी जिवावर बेतते. तरीही आपण रस्त्यावर उभे राहून टाळ्या वाजवतो. राज्य सरकारने २०२२ मध्ये दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जाही दिला. उमेदीची पाच-सहा वर्षे स्पर्धा परीक्षेवर लावणे हा केवढा मोठा डाव असतो, हे पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या आणि नवी पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये बसलेल्या मुलामुलींना कोणी सांगावे लागत नाही. जागा थोड्या, बसणारे लाखो. तरी घरच्यांच्या लेखी तो ‘सुरक्षित’ मार्ग, आणि त्याच पैशांत गावी छोटी कार्यशाळा काढणे हा वेडेपणा. दर जूनमध्ये कर्ज काढून पावसाच्या भरवशावर पेरणी करणाऱ्या शेतकऱ्याला आपण उद्योजक म्हणत नाही. आणि सगळ्यांत मोठी जोखीम तर आपण मंगलाष्टके म्हणून साजरी करतो. वीस-बावीस वर्षांची मुलगी आपले घर, गाव, नाव सोडून जवळजवळ अनोळखी घरात कायमची राहायला जाते. एवढा मोठा निर्णय निभावणाऱ्या बाईला आपण एकटीने प्रवास करू देताना मात्र दहा वेळा विचार करतो. त्यामुळे आपला समाज जोखीम घेत नाही, हे खरे नाही. कोणी कोणती जोखीम घ्यायची, हे त्याने आधीच वाटून दिलेले आहे, एवढेच.

ही वाटणी मोडणाऱ्याला किंमत मोजावी लागते, आणि ती त्याला एकट्याला मोजावी लागत नाही. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला. त्यांच्या मुरूड गावच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला आणि त्याची झळ घरच्यांना बसली. धाडस एकाचे आणि शिक्षा कुटुंबाला, ही आपल्याकडची फार जुनी आणि फार परिणामकारक रीत आहे. ‘लोक काय म्हणतील’ या भीतीची आपण आज थट्टा करतो; पण ज्या काळात लोकांच्या बोलण्यावर मुलीचे लग्न, विहिरीचे पाणी आणि मर्तिकाला येणारे चार खांदे अवलंबून होते, त्या काळात ती भीती अगदी व्यवहारी होती. महाडला १९२७ मध्ये चवदार तळ्याचे पाणी प्यायलेल्या दलितांवर हल्ले झाले. मजुरी बंद होण्याची, गाव तुटण्याची शक्यता ठाऊक असून माणसे तिथे आली होती. सवर्ण तरुणाने नोकरी सोडणे आणि दलित मजुराने तळ्यावर जाणे या दोन्हींना आपण ‘धाडस’च म्हणतो, पण दोघांच्या पडण्याची खोली एक नाही. महाडला ते शक्य झाले, कारण माणसे हजारोंनी, एकमेकांच्या सोबतीने आली होती.

इथे सावरणाऱ्या हातांचा प्रश्न येतो. ख्रिस्तोफर सी आणि एल्के वेबर या संशोधकांनी नव्वदच्या दशकात अमेरिकी आणि चिनी लोकांच्या जोखीम घेण्याची तुलना केली. चिनी माणूस जास्त सावध असेल, अशी दोन्हीकडच्या लोकांची खात्री होती. पण पैशांच्या गुंतवणुकीत चिनी लोकच अधिक जोखीम घेताना आढळले. आरोग्याच्या आणि शिक्षणाच्या निर्णयांत असा फरक नव्हता. संशोधकांनी दिलेले स्पष्टीकरण मला पटते: पैसा बुडाला तर कुटुंब आणि नातेवाईक धावून येतात, म्हणून पैशाची जोखीम तिथे हलकी होते. आजारपण किंवा नापास होणे मात्र कोणी वाटून घेऊ शकत नाही.

‘गुजराती माणसाच्या रक्तातच धंदा’ या वाक्याचे उत्तरही इथेच आहे. हिऱ्यांच्या व्यापारात माल जांगडावर, म्हणजे पैसे न घेता नुसत्या विश्वासावर, दुसऱ्याच्या हाती दिला जातो. पालनपुरी जैन असोत वा काठियावाडचे पटेल, नवख्या मुलाला उधारी, ओळख आणि राहायला जागा नात्यागोत्यातून मिळते. पहिल्यांदा बुडाला तरी तो दुसऱ्यांदा उभा राहू शकतो. आपल्याकडेही जिथे असा आधार मिळाला तिथे उद्योग उभा राहिला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईतली शिक्षकाची नोकरी सोडली, बेळगावात सायकलचे दुकान चालवले, लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमीन नासेल, या भीतीने शेतकरी तो घेईनात. पुढे बेळगावातली जागाही सोडावी लागली. तेव्हा औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना जमीन आणि मदत दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. लक्ष्मणरावांची जिद्द असामान्य होतीच, पण ती सांगताना औंधचा राजा वगळला तर गोष्ट अर्धीच सांगितल्यासारखे होते.

या आधाराची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. जो समाज सावरतो तो अटीही घालतो. जातीची पत जातीतल्यालाच मिळते. कुटुंब मुलाचे बुडालेले दुकान सांभाळून घेते, पण जातीबाहेर लग्न करणाऱ्या मुलीला दार बंद करते. म्हणून केवळ कुटुंब आणि जात यांच्या भरवशावर धाडसाची पेरणी करता येणार नाही. तसेच सावधपणाला तुच्छ लेखण्याचा अधिकारही कोणाला नाही. १९७२च्या दुष्काळात दुष्काळी कामावर खडी फोडलेल्या आजीच्या घरात सरकारी नोकरीचे अप्रूप असेल, तर त्याला भित्रेपणा म्हणणे हा उद्धटपणा आहे. त्या घराला ठाऊक आहे की एक चुकीचे पाऊल दोन पिढ्यांना मागे नेते. अशा घरातल्या मुलाला ‘जोखीम घ्यायला शिक’ असे व्याख्यान देणारे वक्ते बहुधा असे असतात, ज्यांच्या पाठीशी शहरात स्वतःचे घर असते.

जात आणि घराणे यांच्या पलीकडचे सावरणारे हात उभे करता येतात, याचा पुरावा सातारा जिल्ह्यातल्या माण या दुष्काळी तालुक्यात आहे. म्हसवडला १९९७ मध्ये चेतना सिन्हा आणि गावातल्या बायकांनी माणदेशी महिला सहकारी बँक सुरू केली. परवान्याचा पहिला अर्ज, सभासद निरक्षर आहेत म्हणून नामंजूर झाला होता. बायका लिहायला-वाचायला शिकल्या आणि पुन्हा अर्ज घेऊन गेल्या. व्याजाचा हिशोब आम्ही तोंडी करतो, तुमच्या अधिकाऱ्यांनीही करून दाखवावा, असे त्यांनी रिझर्व्ह बँकेला सुनावले. या बायका एका रात्रीत शूर झाल्या नव्हत्या. हप्ता चुकला तर समजून घेणारी, पुन्हा कर्ज देणारी जागा त्यांना मिळणार होती आणि शेजारी तशाच दहा जणी होत्या.

तेव्हा आपल्या मुलांमध्ये धाडस नाही, अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी स्वतःला काही प्रश्न विचारावेत. आपली मुलगी झाडावर चढते तेव्हा आपल्या चेहऱ्यावर काय असते? मुलाचा धंदा बुडाला तर नातेवाइकांच्या घोळक्यात आपण त्याच्या बाजूने बोलू का? नापास झालेला भाचा, नोकरी सोडून परत आलेली पुतणी, लग्न मोडून माहेरी आलेली बहीण यांना आपण कोणत्या शब्दांत घरात घेतो? आणि ज्यांना असे घरच नाही त्यांच्यासाठी पीकविमा, सहज मिळणारे कर्ज, सरकारी दवाखाना आणि परत शिकायची संधी यांचा आग्रह आपण मतदार म्हणून धरतो का? धाडसाचे धडे देणे सोपे आहे. अपयशी माणसाला मानाने परत घेणे अवघड आहे. पण ज्या समाजाला हे दुसरे काम जमत नाही, त्याला पहिल्या कामाचा अधिकार नाही.