तर्जनीचे 14 टक्के

माझ्याकडे 1996 ची प्रीमियर पद्मिनी आहे आणि मी ती रोज चालवतो. येडशी ते धाराशिव, जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर. बरेच गाडीवेडे जुनी गाडी कव्हर घालून ठेवतात आणि रविवारी बाहेर काढतात. मला ते जमत नाही. रोज चालवली तरच गाडी कळते: सकाळी चोक किती ओढायचा, स्टेअरिंगजवळचा गिअर कुठे अडतो, कुठला पत्रा कुठल्या खड्ड्यात वाजतो.

तिचे सुटे भाग आता सहज मिळत नाहीत. काही लेथवाल्याकडून करून घेतो, काही जुन्या बाजारात शोधतो. मागच्या वर्षी सायलेन्सर धरून ठेवणारी एक नवी पट्टी मिळाली. साधा दाबून वाकवलेला पत्रा, पण मी खुशीत ती चुलतभावाला दाखवली. दादाने अंगठा कडेवरून फिरवला आणि म्हणाला, ‘‘ह्ये प्रेसवरचं हाय. डाय झिजलीय बघ, कडंला धार राहिलीय.’’

पट्टी त्याने डाव्या हातात धरली होती. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट चाकणजवळच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये गेलं. तिथे गाड्यांसाठी असेच पत्र्याचे भाग निघायचे.

पॉवर प्रेसला साधारणपणे दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली, तरच प्रेस खाली येतो. युक्ती साधी आहे: हात बटणांवर अडकलेले असले की ते डायमध्ये जाऊच शकत नाहीत. पण दर पीसला त्यात एक-दोन सेकंद जास्त जातात. म्हणून दादाच्या मशीनला बटणांऐवजी पायाचं पेडल लावलेलं होतं. हात पत्रा ठेवायला मोकळे, पाय दाबायला मोकळा. पाचशे-हजार वेळा बरोबर जमतं. मग एकदा पाय हाताच्या आधी जातो.

धोक्याच्या यंत्राला आडोसा हवाच, असं 1948 च्या कारखाना कायद्याचं कलम 21 सांगत होतं. त्याच्याही आधीचा, 1923 चा कामगार भरपाईचा कायदा होता. त्याच्या परिशिष्टात शरीराच्या भागांची यादी होती. तर्जनी पूर्ण गेली तर कमाईची ताकद 14 टक्के कमी झाली असं धरायचं, मधलं बोट पूर्ण गेलं तर 12 टक्के. मी ती यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला गाडीच्या पार्ट्सचा कॅटलॉग आठवला. फरक एवढाच, की या यादीतला भाग कुठल्याच दुकानात मिळत नाही.

दादा एकटा नाही. वाहनउद्योगाला माल पुरवणाऱ्या कारखान्यांत बोटं गमावलेल्या कामगारांवर ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था 2019 पासून ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते आहे.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या शेजारच्या सीटवर बसलेला असतो. जी वस्तू मी प्रेमाने वापरतो, ती बनवताना कुणाचं काही गेलं असेल, तर मी त्याचं देणं लागतो का?

पहिलं उत्तर सोपं होतं: गाडी सोडून द्यावी. पण मग एसटीने जायचं, आणि तिलाही पत्रा लागतोच. घरातल्या पंख्याला, कुकरलाही लागतो. दुसरं उत्तर: दुकानात घासाघीस करू नये. पण मी जास्त दिलेले पन्नास रुपये प्रेसवरच्या माणसापर्यंत पोचत नाहीत, काउंटरवरच थांबतात. प्रेस बंद करा, असंही म्हणवत नाही. तिच्यामुळेच गाडी सामान्य माणसाला परवडते, आणि दादा चाकणला गेला तो त्याच कामासाठी.

मग मला आमच्या गावची जुनी रेल्वे आठवली. बार्शी लाइट रेल्वे, अडीच फुटांचे रूळ. पुढे कुर्ल्यात माझ्या पद्मिनीचा कारखाना उभा करणाऱ्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी रेल्वेचं पहिलं कंत्राट घेतलं, ते हिचंच. ती 1897 मध्ये बार्शीपर्यंत सुरू झाली आणि 1911 मध्ये लातूरला पोचली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरने ती आखली होती. हलक्या रुळांवरून जड माल न्यायचा तर काय करायचं? त्याचा नियम असा होता: इंजिन असो की डबा, कुठल्याही एका ॲक्सलवर पाच टनांपेक्षा जास्त भार नको. भार नाहीसा होत नाही, हे त्याला माहीत होतं. म्हणून त्याने तो वाटून दिला.

स्वस्त पार्टच्या बाबतीत आपण उलटं करतो. मला किंमत कमी हवी असते. कंपनी पुरवठादाराला भाव पाडायला सांगते, तो त्याच्या खालच्याला, तो आणखी खालच्याला. प्रत्येक जण आपला भार पुढे ढकलतो. शेवटच्या माणसाच्या पुढे कुणीच नसतं, म्हणून मशीनची दोन बटणं निघतात. तेव्हा मला वाटतं, देणं आहे. मी बोट कापलं नाही, पण भार ढकलणाऱ्यांच्या रांगेत मीही उभा आहे.

एकदा मी दादाला म्हणालो, गाडी विकून टाकतो. तो चिडला. ‘‘येड्यासारखं करू नगंस. तू गाडी इकली म्हणून माजं बोट उगवणाराय का? तवा कुणीतरी इचारायला पायजे हुतं, बटणं कुठायत म्हणून.’’

ऑक्टोबर 2023 पासून आपल्याकडे ‘भारत एनकॅप’चे स्टार आले. टक्कर झाली तर आत बसलेला माणूस किती सुरक्षित, हे ते सांगतात. गाडी बनवणारा हात किती सुरक्षित होता, याचा स्टार अजून नाही.

गेल्या महिन्यात मित्रासोबत नवी गाडी बघायला गेलो होतो. सेल्समनने मायलेज सांगितलं, एअरबॅग सांगितल्या, स्टार दाखवले. मी विचारलं, याचे पत्रे जिथे दाबतात तिथल्या प्रेसला दोन बटणं आहेत का? तो हसला. मित्रही हसला. मला लाज वाटली, हेही खरं.

या दिवाळीत दुसऱ्या मित्राला गाडी घ्यायची आहे. त्याच्यासोबत गेलो की पुन्हा विचारणार आहे.