खलनायकाचा आत्मनकार

खलनायक स्वार्थी असतो, त्याचे स्वतःवर नको तितके प्रेम असते, असे आपण सहसा धरून चालतो. मुलांच्या कार्टून मालिकांतून तर हा धडा ठळकपणे गिरवला जातो. परंतु अशाच एका मालिकेतील खलनायकाकडे लक्षपूर्वक पाहिले म्हणजे या समजुतीविषयी शंका येऊ लागते.

‘मोटू-पतलू’ ही जोडी मूळची दिल्लीहून निघणाऱ्या ‘लोटपोट’ या हिंदी बालनियतकालिकातली. २०१२ साली तिची दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. मुंबईच्या ‘कॉसमॉस-माया’ने ती घडवली व सुहास कदव यांनी दिग्दर्शित केली. आम्हां फरीदाबादकरांच्या घरांतही तिची पात्रे मुलांना तोंडपाठ असतात. तिच्यातील जॉन हा चोर यमक जुळवून बोलतो आणि आपण एक दिवस डॉन होणार, असे सतत घोकत असतो. प्रत्येक बेत फसतो, मार बसतो. पुढच्या भागात तोच ध्यास पुन्हा हजर! त्याच्या दोन साथीदारांना तर नावेच नाहीत, नुसते क्रमांक आहेत. ज्याला स्वतःचे नाव पुरेसे वाटत नाही, तो दुसऱ्याला नावाने कसा ओळखणार?

डॅनिश तत्त्वचिंतक सोरेन किर्केगार्ड यांनी १८४९ साली प्रसिद्ध केलेल्या ‘मरणप्राय आजार’ या ग्रंथात नैराश्याची मीमांसा केली आहे. ‘होईन तर सीझर, नाहीतर कोणीच नाही’ असे म्हणणाऱ्या महत्त्वाकांक्षी माणसाचे उदाहरण ते देतात. सीझर होता आले नाही, हे त्याचे खरे दुःख नव्हे. सीझर न झालेला ‘मी’ त्याला असह्य होतो. तो सीझर झाला असता, तरी त्याने या ‘मी’पासून सुटकाच करून घेतली असती. आणि आपण निराश आहोत हे ज्याला ठाऊकच नसते, त्याचे नैराश्य सर्वांत सर्रास आढळते, असेही ते सांगतात. जॉनची गर्जना हे अशाच नैराश्याचे पांघरूण आहे.

मग प्रभू येशू शिष्यांना जो आत्मत्याग करावयास सांगतो, तो याहून वेगळा कसा? मार्काच्या शुभवर्तमानात त्यासाठी वापरलेले ग्रीक क्रियापद पुढे पेत्राच्या नाकारण्यासाठीही आले आहे. मराठीत एके ठिकाणी ‘त्याग’ व दुसऱ्या ठिकाणी ‘नाकारणे’ असे शब्द आल्यामुळे हे नाते झाकले जाते. पेत्राने प्रभूशी असलेली ओळख नाकारली, ती स्वतःला वाचवण्यासाठी. शिष्याने नाकारावयाचा आहे तो हाच, स्वतःला वाचवण्याचा व मोठे करण्याचा हक्क. देवाने दिलेल्या ‘मी’चा तिरस्कार करा, असे प्रभू कोठेही सांगत नाही. जॉन नेमके उलट करतो : हक्क घट्ट धरतो आणि स्वतःला टाकून देतो.

हा धोका खलनायकांपुरता नाही. परीक्षेत मागे पडलेल्या मुलाला आपण ‘कोणीतरी बनून दाखव’ म्हणतो, तेव्हा आज तो कोणीच नाही, असेच त्याला सुचवत असतो. मंडळीत ‘मी काय, काहीच नाही’ म्हणत राबणाऱ्या सेवकाच्या नम्रतेआडही कधीकधी हीच निराशा दडलेली असते. ती बाहेरून सद्गुणासारखी दिसते, म्हणून तिची विचारपूस कोणी करीत नाही. आपण ती करावयास हवी.

जॉन हे नाव यमकासाठीच निवडले गेले असेल. तथापि ते आपल्या योहानाचेच रूप आहे, आणि मूळ इब्रीत त्याचा अर्थ ‘परमेश्वराने कृपा केली आहे’ असा होतो. ‘डॉन’ हा शब्द ‘स्वामी’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला आहे. कृपेने मिळालेले नाव टाकून हा बिचारा स्वामित्वाचे नाव मागत फिरतो. आपल्या मुलांनी त्याच्या फजितीला खुशाल हसावे. मात्र त्यांचे स्वतःचे नाव आधीच प्रेमाने उच्चारले गेले आहे, हे त्यांना घरातूनच कळावे.