कठडा किती उंच असावा?



तोरामध्ये, दवारीमच्या 22व्या अध्यायात एक साधी आज्ञा आहे. नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा घालावा. न घातल्यास, कोणी पडला तर त्याच्या रक्ताचा दोष घरावर येतो. कठडा किती उंच असावा हे तेथे सांगितलेले नाही. ते हाखामांनी ठरविले : दहा तेफाख, म्हणजे दहा मुठी. रामबाम यांनी लिहून ठेवले की, माणूस टेकला तरी पडणार नाही इतका तो भक्कम हवा. आकडा नसता तर प्रत्येक घरमालकाने आपल्या सोयीची वीट रचून "हा माझा कठडा" असे म्हटले असते.

कारखान्यातील धूळ, वाफा व आवाज यांच्या मर्यादा म्हणजे असेच कठडे होत. आपल्याला जवळचे उदाहरण कापसाच्या धुळीचे. आपल्यापैकी कित्येकांच्या वडीलधाऱ्यांनी मुंबईस ससून घराण्याच्या गिरण्यांत काम केले. इकडे आल्यावर डिमोनात काहींनी पुन्हा तोच धंदा धरला. या धुळीने होणाऱ्या रोगास बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळून येते. मुंबईत तो दिवस सोमवार, येथे शब्बाथनंतरचा रविवार. पुढे दम कायमचा लागतो.

अमेरिकेत 1978 साली सूत काढणाऱ्या खात्यांसाठी या धुळीची मर्यादा ठरली : एक घनमीटर हवेत 0.2 मिलिग्रॅम, आठ तासांची सरासरी. पूर्वीची मर्यादा याहून बरीच सैल होती. म्हणजे सुधारणा मोठी झाली. परंतु ज्या हिशेबावर ही मर्यादा बसविली, त्याच हिशेबाप्रमाणे ती पाळूनही शंभरांत सुमारे तेरा कामगारांना कमीअधिक त्रास व्हायचाच होता. मग या मर्यादेला "सुरक्षित" म्हणावे काय?

शास्त्र सांगते की, इतक्या धुळीने इतके लोक आजारी पडतील. किती लोक आजारी पडलेले चालतील, हे शास्त्र सांगत नाही. तो प्रश्न नीतीचा आहे. घरमालक स्वतःही गच्चीवर वावरतो. मर्यादा ठरविणारा मात्र ती धूळ सहसा हुंगत नाही.

कोणी म्हणेल, धूळ शून्यावर आणायची तर गिरणीच बंद करावी लागेल, मग खायचे काय? हे म्हणणे खोटे नाही. 1981 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, अशी मर्यादा नफातोट्याच्या तराजूवर तोलण्याची गरज नाही. जेवढे करणे शक्य आहे तेवढे संरक्षण द्यावे. आकडा टिकला. पण ज्यांना धुळीचा मुखवटा वापरता येत नाही म्हणून दुसऱ्या कामावर पाठवावे लागते, त्यांचा पगार कायम ठेवण्याची तरतूद त्याच निर्णयात टिकली नाही. तिची कारणे पुरेशी दिलेली नाहीत, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. तेव्हा असा माणूस पगार कापला जाईल या भीतीने आपला खोकला लपविणार, हे उघड होते. मग कठडा असून उपयोग काय?

म्हणून मला वाटते, आकडा हवाच, पण त्याला "सुरक्षित" न म्हणता "तूर्त चालवून घेतलेला" म्हणावे. उरलेला धोका कामगाराला त्याच्या भाषेत सांगावा. आणि जो त्या तेरांत निघेल, त्याची भाकर जाऊ देऊ नये. "त्याची छातीच नाजूक होती" ही सबब चालणार नाही. राशी यांनी त्याच आज्ञेवर म्हटले आहे की, पडणाऱ्याच्या नशिबी पडणे असेलही, पण ते तुझ्या हातून घडू नये.

दहा मुठींचा कठडा घालून झाला म्हणजे घरमालकाचे कर्तव्य संपले असे नाही. गच्चीवर कोण आहे, हे त्याने मधूनमधून वर जाऊन पाहिले पाहिजे.