ब्लेड आत आलं कुठून?

कैदी पळाल्याची बातमी आपल्याकडे ठरलेल्या वाटेनं जाते. पहिल्या दिवशी कापलेल्या गजाचा फोटो, दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरच्या शिपायांचं निलंबन आणि चार-आठ दिवसांनी ‘अखेर मुसक्या आवळल्या’. तिथं बातमी संपते. पळालेला माणूस परत आत गेला, हिशेब मिटला, असं सगळ्यांनीच धरलेलं असतं.

फेब्रुवारी २०२० मध्ये कर्जतच्या दुय्यम कारागृहातून पाच आरोपी छत कापून, कौलं काढून पसार झाले. आमच्या इंदापूर तालुक्याला कर्जत परकं नाही. मधे भीमा, पलीकडं कर्जत. पुढं डिसेंबर २०२१ मध्ये राहुरीत पाच जण खिडकीचे गज कापून गेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये संगमनेरला चौघे, तेही गज कापूनच, आणि बाहेर गाडी तयार. तिन्ही तुरुंग एकाच जिल्ह्यातले. संगमनेरचे चौघे लवकरच जामनेरला सापडले, मदतीला आलेलेही सापडले, पोलिसांचं कौतुक झालं आणि ते रास्तच होतं. पण तालुक्यातल्या निरवांगी, निमसाखर, खोरोचीकडं पारावर असा विषय निघाला की ‘कुठं सापडले’ हा प्रश्न दुसरा असतो. “आत ब्लेड कुणी दिलं?” असं कुणीतरी आधी विचारतं, शेजारचा हसतो आणि बोलणं उसाच्या बिलाकडं वळतं. माझं भांडण त्या हसण्याशी आहे. उत्तर सगळ्यांना ठाऊकच आहे, असं त्यात गृहीत असतं. प्रत्यक्षात ठाऊक काहीच नसतं, नुसता अंदाज असतो. आणि अंदाजावर कुणावर दोषारोपपत्र दाखल होत नाही.

हॅक्सॉ ब्लेड म्हणजे काय चीज आहे, ते वालचंदनगरच्या कारखान्यात आयुष्य घातलेल्या कुठल्याही फिटरला विचारावं. बारा इंच लांब, अर्धा इंच रुंद, पत्र्यासारखं पातळ. हार्डवेअरच्या दुकानात चहा-नाश्त्याच्या पैशांत मिळतं. मात्र फ्रेमशिवाय नुसत्या हातानं गज कापायला घेतला तर बोटं सोलून निघतात, दात बोथट होतात, आवाज होतो आणि गजाखाली लोखंडाचा कीस साचतो. घाईगर्दीत उरकण्यासारखं हे काम नाही. बराकीतले गज, कुलपं, बिजागऱ्या नियमानं तपासायच्या असतात. गज वाजवून बघायची जुनी पद्धत आहे, कारण अखंड गज खणखणतो आणि चिरलेला बद्द वाजतो. म्हणून कापलेला गज पाहिला की पळाले त्या रात्रीचाच विचार करून भागत नाही. ज्या ज्या दिवशी तो वाजवून पाहिला गेला नाही, त्या सगळ्या दिवसांचा तो पुरावा असतो.

आता पंचनाम्याची भाषा बघा. ‘एक लोखंडी ब्लेड, जु.वा., किं.अं. ००.००’. जुनं वापरतं, किंमत अंदाजे शून्य. पंचांच्या सह्या होतात, मुद्देमालाला सील लागतं. त्याच ब्लेडवर बनवणाऱ्या कंपनीचं नाव छापलेलं असतं, रंग किती उडाला आणि दात किती झिजले तेही डोळ्यांना दिसतं. बाहेर एखादा खून पडला तर कोयता कुणी आणला, कुठून आणला, घडवला कुणी, इथवर पोलीस जातात. तुरुंगात सापडलेल्या शून्य रुपयांच्या ब्लेडच्या वाट्याला तेवढी पायपीट आलेली निदान माझ्या वाचनात नाही.

याचं एक कारण दुय्यम कारागृहाच्या घडणीतच आहे. दुय्यम कारागृह म्हणजे येरवडा नव्हे. बहुतेक ठिकाणी कचेरीच्या आवारात दोन-चार बराकी, एक व्हरांडा, एक लोखंडी दार. अधीक्षक तहसीलदार, म्हणजे महसूल खातं. पहारा पोलिसांचा. इमारत सार्वजनिक बांधकामची. जेवणाचे डबे ठेकेदाराचे. काही घडलं की महसूल पहाऱ्याकडं बोट दाखवतं, पहारा कुजक्या छताकडं आणि बांधकाम खातं न आलेल्या निधीकडं. प्रत्येकाचं म्हणणं थोडंथोडं खरंही असतं. ज्या तहसीलदारापुढं टंचाईच्या बैठका, निवडणुकीच्या याद्या, दाखले आणि रस्त्याचे तंटे पडलेत, त्यानं बराकीची झडती नेमकी कधी घ्यावी? पण चौघांत वाटलेली जबाबदारी ही शेवटी कुणाचीच उरत नाही, आणि ब्लेडचा प्रश्न नेमका त्या फटीतून खाली पडतो.

इंदापूर तालुका नीरा डाव्या कालव्याच्या शेपटाचा. टेलला पाणी कमी पडलं तर इथला शेतकरी टेलवर बसून राहत नाही; कालव्याच्या कडेनं वर चालत जातो, कुठं दार उचललंय, कुठं रात्रीत पाइप टाकलाय ते बघत. तुरुंगात सापडलेल्या वस्तूचा तपासही असाच उलटा, वरच्या अंगाला चालत जायला हवा. आपण टेलवरच थांबतो.

वर चालत गेलं तर काय दिसेल? मला वाटतं, ब्लेडसाठी वेगळी वाट कुणी पाडलेली नसते. तंबाखूची पुडी ज्या वाटेनं आत येते त्याच वाटेनं ते येतं. डब्यातून, मुलाकतीतून, तारखेला कोर्टात नेल्यावर व्हरांड्यातल्या गर्दीतून, भिंतीवरून, नाहीतर खाकीच्या खिशातून. कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात डिसेंबर २०२० मध्ये मोबाईल आणि गांजाची गाठोडी सरळ भिंतीवरून आत फेकलेली सापडली होती. पुडी रोज येते, रोज खपते आणि त्यात कुणाला काही गैर वाटेनासं होतं. दहा रुपयांची पुडी पन्नासाला विकली जाते म्हणून कुणी चौकशी समिती नेमत नाही. मग एके दिवशी पुडीच्या जागी दुसरं काही येतं, आणि सवयीनं तेही आत जातं.

नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात हेच मोठ्या मापात दिसलं. ३१ मार्च २०१५ च्या पहाटे पाच आरोपी गज कापून, भिंती ओलांडून पळाले. काही जण मोक्काखालचे होते. आणि हा तुरुंग साधा नव्हता. याकूब मेमन त्या वेळी तिथंच फाशीची वाट पाहत होता. घटनेनंतर अधीक्षकांसह अनेकांचं निलंबन झालं. पुढं झडत्या सुरू झाल्या तसे मोबाईल निघत राहिले. मला पळालेल्या पाचांपेक्षा ते मोबाईल महत्त्वाचे वाटतात. मोबाईल आत जातो तेव्हा त्याच्यामागं चार्जर जातो, सिमकार्ड जातं, रिचार्ज होत राहतं, म्हणजे बाहेर कुणीतरी पैसे भरत राहतं. एवढी साखळी बिनबोभाट चालू असलेल्या आवारात एक ब्लेड कसं आलं याचं आश्चर्य वाटण्याचं कारण नाही. आश्चर्य वाटायला हवं ते झडतीचा मुहूर्त पलायनानंतर सापडतो याचं.

मराठी मनात पलायन म्हटलं की आग्रा येणारच, १६६६ चं. महाराज पेटाऱ्यात बसून निघाले की पेटारे वाहणाऱ्याच्या वेशात, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण रोज बाहेर जाणाऱ्या मिठाईच्या पेटाऱ्यांची पहाऱ्याला सवय लावली गेली होती, हा भाग दोन्ही हकिकतींत सारखाच आहे. आणि औरंगजेबानं नंतर काय केलं? महाराजांसाठी जामीन राहिलेल्या रामसिंगाची मनसब काढली, त्याला दरबार बंद केला. निलंबनाचा शिरस्ता बराच जुना आहे म्हणायचा.

स्वातंत्र्यलढ्यातल्या पलायनांच्या कथा मात्र आपल्याला सामानसुमानासकट पाठ असतात. १९४२ च्या दिवाळीच्या रात्री जयप्रकाश नारायण आणि त्यांचे सोबती हजारीबागच्या तुरुंगाची भिंत धोतरांना गाठी मारून उतरले. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी सांगलीच्या तुरुंगात रखवालदारांच्या बंदुका हिसकावल्या आणि तटावरून खंदकात उड्या टाकल्या. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव गोळीबारात गेले, दादांना गोळी लागली, आणि तोच माणूस पुढं राज्याचा मुख्यमंत्री झाला. या कथा इतक्या तपशिलानं उरल्या कारण स्वातंत्र्यानंतर मदत करणाऱ्यांना ते अभिमानानं सांगता येत होतं. आजच्या पलायनात मदत करणारा बोलला तर स्वतःच आत जातो. म्हणून इथं आपोआप कुणी काही सांगणार नाही. शोधावंच लागेल.

आणि शोधलं नाही तर जागा अफवा घेतात. भोपाळचं उदाहरण त्याचंच आहे. ३१ ऑक्टोबर २०१६ च्या पहाटे सिमीशी संबंधित आठ आरोपी तिथल्या मध्यवर्ती कारागृहातून पळाले. हेड कॉन्स्टेबल रमाशंकर यादव यांचा त्यात खून झाला. टूथब्रशपासून किल्ल्या बनवल्या, चादरींचे दोर केले, असं सांगण्यात आलं. काही तासांत आठही जण शहराबाहेर चकमकीत मारले गेले. त्या आठांतला एक आपल्या सोलापूरचा होता. मृतदेहांचे फोटो आले तेव्हा लोकांनी जीन्स, बूट आणि घड्याळांवर बोट ठेवलं. आता न्यायाधीन कैद्याला स्वतःचे कपडे घालायची मुभा असते, त्यामुळे जीन्सवरून काहूर माजवण्यात फारसा अर्थ नव्हता. घड्याळांचा आणि शस्त्रांचा प्रश्न मात्र खरा होता. शस्त्रांबद्दल तर पोलिसांतल्याच दोन वरिष्ठांची विधानं एकमेकांशी जुळत नव्हती. निवृत्त न्यायमूर्तींचा चौकशी आयोग नेमला गेला आणि त्यानं पोलिसांची कारवाई उचलून धरली. तरीही सामान कुठून आलं हे सांगू शकणारे आठही साक्षीदार मेलेले होते. एका बाजूनं ‘सगळा बनाव’ म्हणायला सुरुवात केली, दुसरीनं ‘प्रश्न विचारणारे देशद्रोही’ म्हणायला. शस्त्रांचा, किल्लीचा, घड्याळाचा साधा हिशेब पहिल्याच आठवड्यात लोकांपुढं ठेवला असता तर दोन्ही तोंडं बरीच बंद झाली असती.

हे काम अशक्य आहे का? अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या डॅनेमोरा इथल्या क्लिंटन कारागृहातून जून २०१५ मध्ये दोन खुनी पळाले. दोघांचाही पाठलाग साधारण तीन आठवड्यांत संपला: एक गोळीनं गेला, दुसरा जखमी अवस्थेत सापडला. आपल्याकडं प्रकरण तिथंच बंद झालं असतं. तिथं राज्याच्या महानिरीक्षकांनी वर्षभर चौकशी केली आणि जून २०१६ मध्ये अहवाल जाहीर केला. शिवणकामाच्या कार्यशाळेवर देखरेख करणाऱ्या एका महिलेनं गोठवलेल्या मांसाच्या गोळ्यात ब्लेड दडवलं होतं. एका पहारेकऱ्यानं ते मांस न तपासता आतपर्यंत पोचवलं. आत काय आहे याची कल्पना नव्हती, असं त्याचं म्हणणं. रात्रीची मोजणी आणि कोठड्यांची तपासणी कशी नावापुरती चालायची तेही नोंदलं गेलं. दोघांना शिक्षा झाल्या. पण माझ्या लेखी महत्त्वाचं हे की एका हॅक्सॉ ब्लेडचा प्रवास नागरिकांना वाचता आला.

आपला कायदा या बाबतीत काय म्हणत होता तेही पाहावं. १८९४ च्या कारागृह कायद्याचं कलम २१ दारावरच्या अधिकाऱ्याला आत-बाहेर जाणारी प्रत्येक वस्तू तपासायचा अधिकार देत होतं. कलम ४२ नुसार निषिद्ध वस्तू आत पोचवणाऱ्याला, किंवा जाणूनबुजून पोचू देणाऱ्या अधिकाऱ्याला, जास्तीत जास्त सहा महिने कैद किंवा दोनशे रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा होती. इंग्रजांच्या काळात दोनशे रुपये ही मोठी रक्कम होती. केंद्रानं २०२३ मध्ये नवा आदर्श कायदा तयार करून त्यात मोबाईलसाठी वाढीव शिक्षा सुचवली, ते बरंच झालं. तरी शिक्षा वाढवून वस्तू कुठून आली हे कळत नसतं. त्यासाठी आधी कुणीतरी ते शोधून लिहून ठेवावं लागतं.

यावर तुरुंगातले लोक म्हणतात, आणि ते ऐकायला हवं, की वीस माणसांच्या बराकीत चाळीस कोंबली आणि पहाऱ्याला दोन शिपाई ठेवले तर झडती कुणाची घ्यायची? दुसरी अडचण जास्त नाजूक आहे. पलायन झालं की सगळा जाच मुलाकतीला येणाऱ्या बायकांना सुरू होतो. म्हातारी आई भाकरीचं गाठोडं घेऊन सकाळच्या एसटीनं येते आणि तिच्या भाकऱ्या मोडून मोडून बघितल्या जातात. खाकी मात्र त्याच दारातून बिनझडतीची आत जाते. डॅनेमोराचं ब्लेड नातेवाइकांच्या गाठोड्यातून गेलं नव्हतं, कर्मचाऱ्यांच्याच हातून गेलं होतं. झडती सगळ्यांची, अगदी अधीक्षकांची आणि डबेवाल्याचीही व्हायला हवी. आणि पलायनानंतर वस्तूंच्या प्रवासाची चौकशी त्या तुरुंगाशी संबंध नसलेल्या अधिकाऱ्याकडं, स्वतंत्रपणे, मुदत घालून द्यायला हवी. आरोपी सापडला म्हणून ती थांबता कामा नये. निलंबन हे उत्तर नव्हे. निलंबित शिपाई यथावकाश कामावर परत येतो, त्या रात्री तो झोपला होता एवढंच आपल्याला कळतं, आणि ब्लेड विकणारा आपल्या गल्ल्यावर असतो.

तोवर वाचकांना एक काम करता येईल. आपल्या तालुक्यात दुय्यम कारागृह असेल तर माहितीच्या अधिकारात तहसील कचेरीकडं मागा: गेल्या दहा वर्षांत झडतीत काय काय सापडलं, त्यातल्या किती वस्तू कुठून आल्या याचा छडा लागला आणि कुणावर गुन्हा दाखल झाला. तपासात अडथळा येईल, असं उत्तर मिळालं तर अपील करा. जो तपास कधीच बंद झाला त्याला अडथळा कसला? अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे.