बगदादचं रेशनकार्ड

इराकने कुवेत गिळल्यावर चारच दिवसांत, 6 ऑगस्ट 1990 रोजी, सुरक्षा परिषदेने त्या देशाचा जवळजवळ सगळा व्यापार बंद पाडला. मागणी रास्त होती : सैन्य मागे घ्या. पुढे युद्ध झालं, सैन्य हटलं, कुवेत मोकळं झालं. निर्बंध मात्र, आता संहारक शस्त्रं नष्ट करा या अटीवर, 2003 पर्यंत राहिले.

त्या काळात दिनार कवडीमोल झाला. शिक्षकांचा पगार महिन्याला काही डॉलरांवर आला. पाणी शुद्ध करायचं क्लोरीनसुद्धा शस्त्रासाठी वापरता येईल म्हणून अडायचं. हुकूमशहा सद्दाम हुसेनचे महाल मात्र बांधले जातच होते. पीठ, तांदूळ, साखर, चहा सरकारी रेशनवर मिळे आणि रेशनकार्ड राजवटीच्या हातात. ज्याच्याकडे कोठाराची किल्ली, त्याच्याविरुद्ध उपाशी माणूस बंड करील, ही अपेक्षा भरल्या पोटीच सुचू शकते.

1996 मध्ये अमेरिकेच्या संयुक्त राष्ट्रांतील राजदूत मॅडलिन ऑलब्राइट यांना टीव्हीवर विचारलं गेलं : निर्बंधांमुळे पाच लाख मुलं गेली म्हणतात, ही किंमत योग्य आहे का? योग्य वाटते, असं त्या म्हणाल्या. तो आकडा खोटा ठरला, सद्दामच्या सरकारने पाहणीत ढवळाढवळ केली होती, हे आता बरंच स्पष्ट आहे. ऑलब्राइट यांनीही पुढे त्या उत्तराबद्दल खेद व्यक्त केला. पण मला अडतं ते इथेच. आकडा खरा धरूनच तर त्यांनी होकार दिला होता. दुसऱ्याच्या मुलांची किंमत ठरवण्याचा हक्क त्यांना कुणी दिला, हा प्रश्न आकडा खोडल्याने खोडला जात नाही.

निर्बंध निष्फळ होते असंही म्हणता येत नाही, आणि हेच जास्त अस्वस्थ करतं. 2003 च्या अमेरिकी आक्रमणानंतर शोधाशोध झाली तेव्हा संहारक शस्त्रांचे साठे सापडलेच नाहीत. निर्बंध आणि शस्त्रतपासणी यांनी मिळून ते संपवण्याचं काम केव्हाच केलं होतं. पण सद्दाम आहे तोवर निर्बंध उठणार नाहीत, असं अमेरिकेचे नेते उघड सुचवत होते. मग अटी पाळून सद्दामला मिळणार काय होतं? सुटकेचा रस्ता नसलेल्या शिक्षेने माणूस वळत नाही, वळायचं कारणच उरत नाही.

जनतेला दिलासा म्हणून ‘तेलाच्या बदल्यात अन्न’ योजना आली. तीत लाच देणाऱ्या कंपन्या दोन हजारांहून अधिक निघाल्या, असं संयुक्त राष्ट्रांनी चौकशीसाठी नेमलेल्या व्होल्कर समितीने 2005 मध्ये सांगितलं. (त्याच अहवालाने आपल्याकडे नटवरसिंह यांचं परराष्ट्र खातं गेलं, आरोप त्यांनी कायम नाकारले.) बगदादमध्ये बसून मदतीचं काम पाहणारे संयुक्त राष्ट्रांचे डेनिस हॅलिडे 1998 मध्ये निर्बंधांच्या निषेधार्थ राजीनामा देऊन निघाले. त्यांच्या जागी आलेल्या हान्स फॉन स्पोनेक यांनी 2000 मध्ये तेच केलं. निर्बंध त्यानंतरही तीन वर्षं चालू राहिले.