दानाचे पात्र आणि अर्जांची थप्पी

कीर्तनात दानावर बोलणे फार सोपे आहे. कर्ण, शिबी, बळी ही तीन नावे घेतली की श्रोत्यांच्या माना डोलू लागतात. पण सज्जनहो, त्या तिघांनी जे दिले ते स्वतःचे दिले. बळीचे राज्य बळीचे, शिबीचे मांस शिबीचे, कर्णाची कवचकुंडले कर्णाच्या अंगाची. ज्याचे होते त्याने दिले. कोणाला दिले याचा जाब त्याला विचारणारे आपण कोण?

आजचे बरेचसे दान या जातीचे नाही. आज देते ती संस्था. पैसा कोण्या दिवंगत शेठजीचा, नाहीतर हजार लोकांनी फाडलेल्या पावत्यांचा. आणि तो वाटायला बसतो आम्ही पाचसात विश्वस्त, ज्यांच्या खिशातली एक कवडीही त्यात नाही. दुसऱ्याच्या धनावर उदार होणाऱ्याने पात्र कसे निवडावे, हा प्रश्न मला म्हातारपणी पडला, आणि तो पोथीतून पडला नाही. माझ्या हातून एक चूक झाली, तिच्यातून पडला.

आमच्या बाजूला, बीड जिल्ह्यात, एक लहानशी धर्मादाय संस्था आहे. एका व्यापाऱ्याने ठेवलेल्या रकमेच्या व्याजातून ती दरसाल दोनतीन कामांना मदत करते. धर्मकार्य, विद्यादान आणि गोरगरिबांस साहाय्य असे तिचे उद्देश घटनापत्रात लिहिलेले आहेत. मार्गशीर्षात अर्ज मागवायचे, पौषात बैठक घ्यायची. शास्त्र जाणणारा माणूस हवा म्हणून त्यांनी मला मंडळात घेतले. मीही भूषण वाटून गेलो, खोटे कशाला बोलू?

त्या वर्षी अर्जांची थप्पी मोठी होती. मंदिराला सभामंडप, हायस्कूलला कमान, तालमीला फरशी. बहुतेक अर्ज टंकलिखित, सोबत नकाशा, अंदाजपत्रक, वजनदार माणसाची शिफारस. वाचन चालू असता एक तरुण मास्तर दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "महाराज, माझ्या वर्गात निम्मी बाके रिकामी आहेत. पोरांचे आईबाप ऊसतोडीला गेले, पोरांनाही घेऊन गेले. गावात कोणी दोन वेळच्या भाकरीची सोय केली तर ती आजीजवळ राहतील."

चिटणिसांनी विचारले, "अर्ज आहे का?"

"अर्ज कोण करणार? आईबाप फडावर."

"मग पुढच्या साली बघू."

मी काही बोललो नाही. माझे मत विचारले तेव्हा मी सभामंडप म्हणालो. धर्मकार्य तर खरेच होते ते! चैत्रात मंडप झाला, संगमरवरी पाटीवर संस्थेचे नाव आले, सप्ताह बसला, आणि त्या मंडपातले पहिले कीर्तन माझेच झाले. शाल, श्रीफळ, पाकीट.

त्याच कीर्तनात मी गीतेचा सतरावा अध्याय घेतला होता. तिथे भगवंतांनी दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. देणे कर्तव्य आहे म्हणून योग्य देशी, योग्य काळी, योग्य पात्राला दिले ते सात्त्विक. परतफेडीच्या आशेने किंवा कुरकुरत दिले ते राजस. अवेळी, अस्थानी, तुच्छतेने दिले ते तामस. श्रीशंकराचार्यांच्या भाष्यात देश म्हणजे कुरुक्षेत्रासारखे क्षेत्र, काळ म्हणजे संक्रांतीसारखा पर्वकाळ, आणि पात्र म्हणजे वेदपारंगत असा अर्थ केला आहे. मी पन्नास वर्षे तसाच सांगत आलो. पण त्याच श्लोकात आणखी एक पद आहे, अनुपकारी. जो उलट उपकार करू शकत नाही, तो. त्या पदाचे विवरण करीत असता माझी नजर वर गेली. वर नवीन मंडप, समोर पाटी, गळ्यात शाल. मंडपाने माझ्यावर किती उपकार केले होते, ते मीच मोजत उभा होतो. टाळकऱ्यांना वाटले, बुवांना धाप लागली.

तेव्हापासून मी या पदाचा विचार करतो आहे. जो परतफेड करू शकतो तोच संस्थेच्या दारापर्यंत पोहोचतो, हा व्यवहार आहे. शाळा पाटी लावते, पुढारी सभेत आभार मानतो, देवस्थान कीर्तन ठेवते. ज्याच्यापाशी यातले काहीच नाही त्याचा अर्जही नाही. ऊसतोडीतल्या नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. मुकादमाकडून उचल घेऊन ती जोडी दसरा-दिवाळीच्या सुमारास निघते ती उन्हाळा लागता परतते. आणि आमचा अर्जाचा महिना मार्गशीर्ष! गरिबाला वगळावे असे कोणी ठरवले नव्हते. तिथी ठरवली होती, तेवढीच पुरली.

वारीत हेच दिसते की नाही, तुम्हीच सांगा. माउलींची पालखी पुण्यात असते तेव्हा केळी, लाडू, राजगिऱ्याच्या वड्या इतक्या येतात की ठेवायला जागा उरत नाही. देणाऱ्याचा भाव खरा असतो, मी त्याला नावे ठेवत नाही. पण तो आपल्या दारात देतो. दिवेघाट चढून गेल्यावर, पुढे लोणंद-फलटणच्या वाटेला, म्हातारीला आडोसा हवा असतो. बाहेर जायला जागा नाही म्हणून किती मायबहिणी पाणी न पिता चालत आल्या, ते आपल्याला ठाऊक आहे. अलीकडे पालखीतळांवर फिरती शौचालये उभी राहतात, ती ज्याला सुचली तो वारीत डोळे उघडे ठेवून चालला असला पाहिजे.

देणाऱ्याने आपल्या दुःखावरून काम निवडू नये काय? तसेही मी म्हणणार नाही. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढच्या वर्षी दोराबजींनी आपली संपत्ती विश्वस्त निधीला दिली आणि त्याच वर्षी तेही गेले. त्या निधीने १९४१ साली परळला कर्करोगाचे रुग्णालय उभे केले. पुढे ते सरकारकडे गेले. घरातल्या एका मृत्यूवरून निवडलेले काम, पण खाटेवर निजतो तो कोठला कोण! ज्यांच्याकडून परत काही येणार नाही असेच बहुतेक.

आणि त्या रुग्णालयात गावाकडून आलेल्या माणसाने रात्री निजावे कोठे? दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे असे रोगी आणि त्यांचे नातेवाईक उतरतात. गाडगेबाबा १९५६ साली गेले. तेही कीर्तन करीत, आमच्याच धंद्यातले म्हणा ना. त्यांच्या हातीही पैसा लोकांचाच येई, आणि त्यातून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उठवल्या. पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने बांधली ती कोणासाठी? ज्यांना दुसरी धर्मशाळा दार उघडत नव्हती त्यांच्यासाठी. बाबांकडे अर्जाचा नमुना नव्हता. हातात खराटा होता, आणि रस्ता झाडणाऱ्याला रस्त्यावर कोण निजले आहे ते दिसते.

कोणी म्हणेल, महाराज, विश्वस्ताचे हात बांधलेले असतात. बरोबर आहे. घटनापत्राबाहेर त्याला जाता येत नाही, वर धर्मादाय आयुक्त आहेत. मोठ्या कंपन्यांनाही २०१३ च्या कायद्याने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्याला लावावे लागतात, आणि कारखान्याच्या आसपासच्या भागाला पसंती द्या असे तिथे सांगितले आहे. म्हणजे धुराड्याच्या सावलीतल्या गावाला मिळते, कारखानाच नसलेल्या गावाचे काय, ते त्या कायद्याला विचारा. पण आमच्या घटनापत्रात 'गोरगरिबांस साहाय्य' हे शब्द होतेच की! ते आम्हाला कोणी वाचायला मनाई केली नव्हती.

गेल्या दोन वर्षांपासून आम्ही अर्ज भाद्रपदात मागवतो, कोयते निघण्याआधी. ज्याला लिहिता येत नाही त्याचे मास्तर लिहून घेतो, आणि बैठकीआधी दोन विश्वस्तांनी वस्तीवर जाऊन यायचे असे ठरले आहे. पहिल्या साली अकरा पोरे मागे राहिली. त्यातली तीन पौषात आईच्या आठवणीने रडून रडून फडावर निघून गेली. भाकरीची सोय केली होती, आईची कशी करणार? त्याचा उपाय मला अजून सापडलेला नाही.

मंदिराच्या मंडळाने शिखराच्या रंगकामासाठी अर्ज केला होता, तो या वर्षी मागे राहिला. यंदाच्या सप्ताहाच्या पत्रिकेत माझे नाव नाही. काल्याच्या दिवशी मी पंगतीत बसून आलो. वाढणारा ओळखीचा होता, त्याने बुंदी दोनदा वाढली.